काटा

दुपारचे दोन. मे.
माहुलहून निघालोय वर्सोव्याला.
पिकअपमागे ट्रेलर, ट्रेलरवर
पोशामामाची होडी,
परवा विकलेली.

गांधीनगर सोडलं, पवईचा चढ लागला,
तसा काटा सरकू लागला लालकडे.
मामानं एसी मारला, काचा पाडल्या,
आणि हीटर फुल्ल.
"मामा, मे आहे!"
"मग? तिचा ताप थोडा आपण घ्यायचा."

पोटऱ्यांवर भट्टी.
गिअर उतरवला. मागचा डंपर
हॉर्न बडवत राहिला.

आयआयटीच्या भिंतीला लावली.
बॉनेट वर. इंजिन चालूच, पंखा फिरू दे म्हणाला,
मग बंद.
मी झाकणाला हात घालणार
तर मनगट धरलं त्यानं :
"तापल्या तोंडाला लगेच बोलतं करू नये."

घेणाऱ्याचा फोन वाजत होता.
मामानं बिडी काढली, पेटवली नाही.

अर्ध्या तासानं, ओलं गोणपाट टाकून,
पाव फेरा.
फुस्स.
कोमट पाणी, धार बारीक.

कॅनच्या तळाशी तांब्याभर उरलं.
ते घेऊन तो मागे गेला,
नाळेवर ओतलं,
फळ्यांच्या सांध्यांत बोटानं जिरवत राहिला.

"काटा बघ," म्हणाला,
पाठ करूनच.