हाडांची भातुकली

एविंदुरने आधी मेंढ्या विकल्या, मग ट्रॅक्टर, मग गवताचा उतार,
आणि सप्टेंबरात फोन करून म्हणाला,
"ओडनी, गोठ्याच्या माळ्यावर तुझं काहीतरी पडलंय.
ये, घेऊन जा."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण गंजून धरलेलं.
चाकूच्या पाठीने उचकटलं, तर आत
आमचं अख्खं शेत:
पायांची लांब हाडं, ते घोडे;
जबडे, त्या गाई, दात अजून शाबूत;
शिंगं म्हणजे मेंढ्या, एकीच्या टोकाला लाल लोकर गुंडाळलेली,
ती नेहमी हरवायची म्हणून;
आणि घोट्याची हाडं, छोटी, बोटांनी गुळगुळीत झालेली,
ते कुत्रे.
मोजले. एक कुत्रा कमी भरला.

मोजायची सवयच आहे मला.
अकुरेरीच्या विमा कचेरीत तेहतीस वर्षं
वाहून गेलेली कुंपणं, भिजलेल्या गंजी.
पाण्याने खरं किती नेलं आणि शेतकरी किती सांगतोय,
या दोन आकड्यांमधल्या फटीत माझा जन्म गेला.
ओडनीचा आवाज कधी चढत नाही, म्हणायचे सगळे.
नवरा गेला त्या संध्याकाळीही
मी आधी पावत्या तारखेवार लावल्या.

एविंदुर खाली बसला, गुडघे वाजवत,
आणि दाराजवळ घोडे मांडू लागला.
"तू कोण व्हायचीस, आठवतं?"
मला वाटलं, मालकीण.
"मालक मी. मालकीण हेर्दिस.
तू नदी व्हायचीस."

नदी.

आधी पोटाखालची ओल आठवली,
मग चिखलाने जड झालेला स्वेटर,
मग दातांमागून काढलेला तो खर्जातला आवाज.
ओढ्याकाठी मी आडवी पसरायचे
आणि सरपटत त्यांच्या शेतातून आरपार.
काड्यांचं कुंपण जायचं, गाई जायच्या,
हेर्दिस रडत आईकडे पळायची
आणि मी जातच राहायचे.
नदीने कुठे थांबायचं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"शेवटी आम्ही तुला खेळात घेणंच बंद केलं,"
एविंदुर म्हणाला, हवापाणी सांगावं तसं.
हे मला आठवत नव्हतं.
मला आठवत होतं की मी मोठी झाले.

एक म्हातारा दावा घेऊन आला होता एकदा.
म्हणाला, त्या रात्री नदीने मनात आणलं आणि वळली.
त्याच्या अर्जावर मी लिहिलं: असंभव.
मी लिहिलं. मी.

आमच्याकडे हाडाला प्रश्न विचारायची रीत आहे.
घोट्याचं हाड डोक्यावर ठेवायचं, विचारायचं, मान झुकवायची.
उंचवटा वर आला तर हो, खळगा वर आला तर नाही,
कुशीवर पडलं तर त्यालाही ठाऊक नाही.
काय विचारलं ते सांगणार नाही.
कुशीवर पडलं.
"पुन्हा टाक," एविंदुर म्हणाला.
नको म्हटलं.

उतार विकला गेला होता,
ओढ्याचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.
मी कोट काढला.
"गारठा आहे. आणि वय बघ तुझं."
दातांमागून तो आवाज काढून पाहिला,
आधी हवाच आली, मग आला.

एविंदुर काही बोलला नाही.
घाईघाईने त्याने दाराजवळचे घोडे उचलून घेतले.