पावणेआठ

पुंता अरेनासला वारा दार ठोठावत नाही,
सरळ आत येतो.
त्याच्या मागोमाग एदुविना आली,
कोटाच्या आत, पोटाशी लॅपटॉप धरून,
गारठलेलं कोकरू धरावं तसा.

"चालू होतो," ती म्हणाली, "पण होईस्तोवर
मी किटली ठेवते, चहा पिते, कपही विसळते."
बारा वर्षांचं यंत्र. बिजागरीला काळी चिकटपट्टी.
आत सतरा हंगामांच्या लोकरीचा हिशेब,
पहिले पाच वहीतून उतरवलेले.
नवा घ्यायचा तर मेंढ्या किती विकाव्या लागतील
हे ती मोजूनच आली होती.
आकडा मला सांगितला नाही.

मी बॅटरी काढली. भिंतीतल्या उघड्या नळाला हात लावला.
"देवाला?" तिनं विचारलं.
"विजेला. अंगात थोडी साठून राहते,
या कोरड्या हवेत जास्तच."
तिनंही मग नळाला हात लावला. असू दे म्हणून.

स्क्रू अकरा निघाले.
अंड्यांच्या खोक्यात एकेका खणात एकेक ठेवला,
बारावा आधीच कुठंतरी हरवलेला.

झाकण उचललं तर आत लोकर.
पंख्याच्या पात्यांना वळसे घालून बसलेली,
करडी, धुळीनं जड.
एदुविनानं ती चिमटीत धरून खिडकीकडे नेली, ताणली,
"कॉरिडेल. अठ्ठावीस मायक्रॉन," म्हणाली,
"त्या वर्षी चारा वाईट होता."

मेमरीच्या पट्ट्या दोन, दोन-दोन जीबीच्या.
कडेचे चिमटे सारले की पट्टी आपणहून मान वर करते.
"यात माझं काय काय आहे?"
काहीच नाही, मी म्हटलं. वीज गेली की ही कोरी.
हिशेब सगळा तिकडे, डिस्कवर. ते कोठार.
हे नुसतं टेबल,
आणि तुमचं टेबल लहान पडतंय.

ती गप्प राहिली. मग म्हणाली,
"लोकर निवडायचं टेबल.
दिवसभर त्याच्यावरून कळपच्या कळप जातात
आणि संध्याकाळी वर काही नसतं,
फक्त लाकूड गुळगुळीत झालेलं."
वीस वर्षं मी हे पोरांना शिकवतोय.
लाकडाचं कधी सुचलं नव्हतं.

नव्या पट्ट्या सांतियागोहून आलेल्या, चार-चारच्या.
याहून जास्त या यंत्राला झेपत नाही.
तिरकी घालायची, मग वरून दाबायची.
पहिली टक् झाली.
दुसरी झाली असं वाटलं.

बटण. काळा पडदा. तीन बारीक हाका.
थांबून, परत तीन.
माझ्या मानेला घाम.
एदुविना तशीच उभी, बाह्या मात्र वर केलेल्या:
"आडवं आलंय. ओढू नकोस.
आधी मागे ढकल, वळव,
मग येतं."

पट्टी मागे घेतली. तिचे सोनेरी दात
शाळेतल्या खोडरबरानं घासले.
परत तिरकी, परत दाब.
टक्.

किटली कुठंय हे तिनं विचारायच्या आत
सतरा हंगाम पडद्यावर उभे होते.
खाली, कोपऱ्यात, यंत्रानं आपली मोजणी लिहिली:
बसवलेली आठ. वापरायला पावणेआठ, वर चिमूटभर.
"आणि उरलेली?"
यंत्र स्वतःकडे ठेवतं, मी म्हटलं,
पडद्यावर चित्र उमटवायला वगैरे.
आता ही भांडणार, असं मला वाटलं.
"ठेवू दे," एदुविना म्हणाली.
"आमचा मेंढपाळही आपली चार मेंढरं
आमच्याच कुरणात चारतो.
म्हणून तर टिकलाय."

पैसे मोजून दिले. जुन्या पट्ट्या मागून घेतल्या,
कशाला, ते बोलली नाही.
ती गेल्यावर दार लावायला
मला दोन्ही हात लागले.

खोकं आवरताना पाहिलं:
बाराव्या खणात ती लोकर.
टाकायची राहून गेली.
आता उद्या-परवा
दुसऱ्या कुणाचा बारा स्क्रूंचा लॅपटॉप आला
तर बघू.