कफील

टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी पोराने
मान वर न करता विचारलं, "कफील कोण?"

एकतीस वर्षं मी या प्रश्नाला
कंपनीचं नाव सांगत आलो,
आणि घरातल्या तिघांच्या कागदांवर
स्वतःचं.
आजही तोंड उघडणार,
तोच शेजारून शाल्मली म्हणाली, "मी."
बंद दाराआडून कुणी "कोण?" म्हणावं
आणि घरच्याच माणसाने म्हणावं, तसं.

जून अखेरीला कंपनीने हिशेब चुकता केला:
एक घड्याळ,
गोदामातल्या पोरांबरोबर एक बिर्याणी,
आणि साठ दिवस.
तेवढ्यात मी कुणाचा तरी असणं भाग होतं,
नाहीतर विमान.

गाडी तिची. मी बाजूला.
शारजात सात वेळा नापास होऊन
मी तो नाद सोडला.
आठव्या खेपेची फी तुमच्या पुस्तकांना लागली,
असं मुलांना सांगत आलोय.
खरं तर मला चौकातल्या गोल फेऱ्याची भीती वाटायची,
त्यात शिरायचं कधी ते कळायचं नाही.
ती एका हाताने शिरते,
दुसऱ्याने माझ्या बाजूचा एसी कमी करते.
माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत राहतो.

छातीचा फोटो निघाला. रक्त दिलं.
बोटांचे ठसे मात्र उमटेनात.
नट-बोल्ट मोजून मोजून
रेषा गेल्या असतील कुठल्यातरी खोक्यात.
काउंटरवरची बाई म्हणाली, दाबा. अजून दाबा.
चौथ्या खेपेला शाल्मलीने
माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला
आणि काचेवर रेटला.
हिरवा दिवा लागला.
जोर कुणाचा नोंदला गेला,
कळलं नाही.

निहार अबूधाबीला असतो.
पहिल्या महिन्यात रोज फोन:
आई, शिट्ट्या किती? हिंग आधी की हळद?
मग दिवसाआड.
मग वृंदाच फोनकडे बघत भाजी निवडायची.
परवा त्यानेच जेवायला बोलावलं.
वरणाला लसणाची फोडणी होती.
आमच्याकडे घालत नाहीत.
कुणाकडून शिकलास, असं
तिने विचारलं नाही, मीही नाही.
दोघांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
येताना घाटासारख्या सरळ नसलेल्या गोष्टी आठवत होत्या,
आणि रस्ता तर हा असा,
दीडशे किलोमीटर एकही वळण नाही.

कागद आला.
नातं: वडील.
वृंदाने तो त्याच निळ्या फाइलीत लावला
जिच्यात मुलांच्या लशींचे तक्ते आहेत.
मी एसीच्या पाण्याची बादली
गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातली.
हे काम अजून माझंच आहे.

सकाळी चप्पल घालताना म्हणालो,
"मी जरा खाली ग्रोसरीत जाऊन येतो."
"बाबा, मला कशाला विचारताय?"
ती गाडीची चावी शोधत होती,
पर्स उपडी, केस ओले, उशीर झालेला.
विचारलं नव्हतं खरं तर, सांगितलं होतं.
पण तसं म्हणालो नाही.

चावी मला दिसत होती,
फ्रीजवर, पावाच्या पाकिटामागे.
थोडा वेळ
शोधू दिली तिला.