वढी लिधी

पारोळ्याच्या कोर्टात माझं काम एवढंच:
साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, मी टाइप करतो.
अहिराणी दाराबाहेर चपला काढून आत येते
आणि कागदावर बसते शुद्ध मराठीत, पाय पोटाशी घेऊन.

त्या दिवशी मथुराबाई दगा महाजन,
वय बासष्ट, धंदा शेतमजुरी,
पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली,
"त्यानी मना गयामा हात टाका
आन् पोत वढी लिधी."

साहेब कोल्हापूरकडचे, नवे.
"गया? कोण गया?"
मी उठून म्हटलं, साहेब, गळा. आमच्याकडे ळ टिकत नाही.
कोर्ट हसलं.
मथुराबाईचा हात गळ्यापाशीच होता,
जिथे पोत नव्हती.

आता प्रश्न वढीचा.
'काढून घेतली' लिहिलं तर चोरी, फार तर तीन वर्षं.
'हिसकावून घेतली' लिहिलं तर जबरी चोरी, दहापर्यंत.
मधे माझी दोन बोटं, कळफलकावर अधांतरी.

साहेब म्हणाले, ओढून. मी ओढून लिहिलं.
लगेच वाणी वकील उठले:
बाई, दोरा किती जुना?
मुलीच्या लग्नात गाठवलेला. म्हणजे अकरा वर्षांचा.
म्हणजे कुजका.
म्हणजे हात लागताच तुटला असेल,
म्हणजे जोर पडला तो दोऱ्यावर, बाईवर नाही.
चार वाक्यांत वकील चार पायऱ्या उतरले
आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी सजा ठेवून आले.

देवरेबाईंनी सरकारी दवाखान्याचा दाखला पुढे केला:
मानेवर उजवीकडे ओरखडा, दीड सेंटिमीटर, साधी दुखापत.
साधी. हा शब्द माझी बोटं झोपेतही टाइप करतील.
मागल्या साली बांधाच्या भांडणातला एक जण
काडेपेटीत स्वतःचा दात घेऊन आला होता.
कायद्याच्या यादीत दात हाडाच्या पंगतीला बसतो;
दात मोडला की दुखापत गंभीर.
दुसरा एकोणीस दिवस खाटेवर होता,
विसाव्या दिवशी म्हैस अडली म्हणून गोठ्यात गेला.
उलटतपासणीत त्या म्हशीने
त्याचं सगळं दुखणं साधं करून टाकलं.

ओरखडा पोत काढण्यासाठी झाला,
की पोत निघताना झाला?
यावर पाऊण तास गेला.
आरोपी गुलाब उखा, तेवीस वर्षांचा, आपली नखं बघत होता.
अगदी मुळापासून कापलेली.
आईने बसून कापली असावीत.

मग राहिली भीती.
हात पुढे आला तेव्हा, पोत तुटण्याआधी,
आपल्याला इजा होईल असं वाटलं का?
हो म्हण, माय, मी मनात म्हटलं. एक हो.
मथुराबाईने पदर सारखा केला, विचार केला.
"भ्याव नही वाटनं. माले राग वना.
मी त्यानं बोट चावी लिधं."

देवरेबाईंनी डोळे मिटले.
वाणी वकिलांनी बोटाखाली रेघ मारली.
साहेबांनी पेन खाली ठेवून
सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं
आणि म्हणाले, लिहा: भीती वाटली नाही. राग आला.
मी लिहिलं. रागासाठी कलम आहे का, ते मला ठाऊक नाही.

जबानी वाचून दाखवली.
शेजारणीची भानगड ऐकावी तशी ती ऐकत होती,
मधे एकदा चुकचुकलीसुद्धा.
"हाई मी सांगं का?"
हो, म्हटलं, तुमचंच आहे सगळं.
तिने अंगठा उठवला, शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली,
आणि विचारलं, पोत कधी भेटेल.

पोत मुद्देमालाच्या खोलीत आहे, क्रमांक चार,
लाखेच्या मोहरेखाली, तुटक्या दोऱ्यासकट.
निकाल लागेपर्यंत
तो दोरा कोणी ओढून पाहायचा नाही.