नऊ फुटांची खोली

खोली नऊ फुटांची,
कपाट धरलं तर साडेसात.
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमागं. शेजारी फौंड्री;
दुपारी दोनला ओतकाम सुरू झालं
की मधली भिंत हाताला ऊन लागते.
त्याच भिंतीवर मला रस्ता पाहिजे होता.

अर्धी गाडी तयार होती.
भंगारातली मारुती, दौलू लोहारानं मधोमध कापून दिलेली:
दोन सीटा, स्टिअरिंग, तीन पायडल,
हॉर्नसुद्धा चालू.
"आता निस्ता रोड टाका समोर," म्हणाला,
जसा काय रोड पावशेरानं मिळतो वाण्याकडं.

राजारामपुरीत सुकुमार उपाध्यांच्या दुकानात
मी आकडा सांगितला, तीस हजार.
त्यांनी चष्मा पुसला.
"शाळेसाठी, का हापिसला?"
"बायकांना गाडी शिकवायला."
मग मात्र त्यांनी बिलबुकाचा कागद उलटा केला
आणि विचारलं, भिंत किती लांब?
एवढं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पहिला नेला अकरा हजारांचा.
खोक्यावर ल्युमेनचा आकडा असा,
की वाचतानाच डोळे दिपावेत.
खिडकीला पोतं ठोकलं तेव्हा कुठं रस्ता उमटला,
शिळ्या भाकरीवर बुरशी यावी तसा.
परत.

दुसरा लख्ख. पण लांबून, पाठीमागून मारणारा.
बसणाऱ्या बाईचं डोकं
बरोब्बर रस्त्याच्या मधी.
हसीना मुल्लाणी, वय चोपन्न, करकचून ब्रेक दाबून:
"बाई, फुडं कोण उभारलंय?"
"तुमीच उभारलाय, भाभी."
"मग हॉर्न देऊ?"

तिसऱ्याचं चित्र देखणं. फक्त आळशी.
चाक आत्ता वळवा, रस्ता मागाहून वळणार,
तहसीलमधल्या सहीसारखा.
उपाध्ये म्हणाले, पिच्चर बघणाऱ्याला हे कळत नाही.
त्याला कुठं काय वळवायचं असतं?
पण जिचा रस्ता उशिरा वळतो
ती बाई पुढं आयुष्यभर
चाक जास्तच फिरवत राहणार.
हे बोलून ते स्वतःच जरा गप्प झाले.
मी चहा संपवला.

शेवटी चौथा.
कागलच्या बंद पडलेल्या क्लासातला, जुना,
भिंतीला वीतभर अंतरावरनं चिकटून
खाली उजेड सांडणारा.
दिव्याचे तास किती जळाले
ते मेनूत शिरून मोजून घेतले,
बाजारात जनावराचे दात बघावेत तसे.
वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, कायमचा.
त्याचे हजार कमी केले उपाध्यांनी.
अठ्ठावीस.
आता माझ्याकडं भरदिवसा एक चांदणी आहे,
आणि ती कुठंही वळलं तरी डावीकडंच.

रस्ता पडला. अख्खी भिंत भरून.
गाडीत कुणाचंच डोकं आडवं येईना.
कॉम्प्युटरातलं गाव कुठलं कोण जाणे,
लांबच लांब, झाडलेलं,
सगळी उजव्या बाजूनं चाललेली.
ते सेटिंगमधी बदलता आलं.
भाभींनी दोन चौक काढले, सिग्नलला थांबल्या,
कुणी न सांगता इंडिकेटर दिला,
आणि तिसऱ्या चौकात गाडी बंद करून बसल्या.
"ह्यात एकबी म्हस न्हाई.
गंगावेशीत काय करू मी?"

उत्तर मेनूत नव्हतं.
उपाध्यांना फोन लावायचं मनात आलं,
मग मी चप्पल काढली,
भिंतीजवळ गेले
आणि रस्त्यात आडवी उभारले.
झेब्रा क्रॉसिंग माझ्या लुगड्यावर चढलं,
अंगावरनं पांढरे पट्टे चालायला लागले.
"या आता," म्हटलं, "सावकाश."

भाभी आल्या. दुसऱ्या गिअरवर, ओठ आवळून.
क्लच. ब्रेक.
हॉर्न दिला.
पुन्हा दिला, लांबलचक,
फौंड्रीतली दोन पोरं दारात येऊन बघायला लागली.

मी हलले नाही.
म्हस हलती व्हय?