चुनकळी

लवू कांदळगावकर, वय अडुसष्ट.
फॉर्मवर व्यवसायापुढे मी लिहिलं: काही नाही.
त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं,
ते खोडलं, आणि सावकाश लिहिलं:
चुनेवाले.

नाडी ब्याऐंशी. यंत्राला साठ लागते.
गोळी दिली, बाकावर बसवलं.
बाहेर बुधवारचा कुडाळचा बाजार,
सुक्या बांगड्यांचा वास एसीतूनही येणारा.

'तू खंयची गो?'
'कोळंबची.'
'कोळंबात कोणाची?'
सांगितलं.
'मगे तुमच्या न्हाणयेच्या भिंतीक माझोच चुनो.'

सांगत राहिले.
सुकतीला खाडीत उतरलेल्या बायका,
पाट्यांतून मुळे, तिसऱ्या, कालवांची शिंपं,
भट्टीत एक थर शिंपल्यांचा, एक करवंट्यांचा,
रात्रभर भाता.
'मांस खाल्ला, घर भाजला,' म्हणाले,
आणि हसले नाहीत.

बहात्तर.
अडुसष्ट.
बासष्ट. चला.

उजव्या कोपरात सुई, जिभेखाली फवारा,
छातीवरचे थोडे केस काढले, विचारून.
'औषध जाताना अंगभर ऊब येईल,
मुतलो असं वाटेल. तसं काही नसतं.'
हे मी सगळ्यांना सांगते.
बहुतेक जण लाजतात. त्यांनी मान हलवली,
जणू हवामानाचा अंदाज ऐकला.

यंत्र हिंदीत बोलतं.
सांस रोकिए.

दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जरासं थांबतं,
पाणी फिरण्याआधी खाडी थांबते तसं,
आत येत नाही, बाहेर जात नाही,
बांधलेली होडी दोर ताणत नाही.
फोटो तेवढ्यातच काढायचा.
पाच सेकंद.

सांस छोड़िए.
ते सोडेनात.
काचेमागे मी मोजते आहे, बारा, वीस,
माइकवर ओरडले, 'आजोबा, श्वास सोडा!'
चाळिसाला सोडला.
'बुडी मारल्यार इतक्यात वर कोण येता?'

पडद्यावर रक्तवाहिन्या,
डोंगरातून उतरणारे करडे व्हाळ.
डावी, पुढून खाली येणारी,
तिच्या काठाने पांढरं.
ठिपका नव्हे, रांगच,
खडकाला धरलेल्या कालवांची.

या यंत्रात चुना फुलतो,
आहे त्याहून मोठा दिसतो,
त्याच्या झगझगाटामागे वाट किती उरली
मला कळत नाही.
पुण्यात बसून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही
कळणार नाही. ते लिहितील,
खात्रीने सांगता येत नाही, अँजिओग्राफी करावी.
म्हणजे बांबोळी. म्हणजे पहाटेची गाडी,
सोबत कोण जाणार यावरून घरात बोलाचाली.

'दिसला काय गो?'
'रिपोर्ट संध्याकाळी.'
मला एवढंच बोलायची परवानगी.
पण दार उघडं राहिलं होतं
आणि त्यांची नजर अजून समुद्रावरची.
'सहाशे बारा. ह्यो आकडो कसलो?'
'कॅल्शियम.'
'म्हणजे?'
मी तारा गुंडाळत राहिले.
मग म्हटलं, 'चुना.'

पडद्याकडे बराच वेळ पाहिलं,
गिऱ्हाइकाने परत आणलेला माल पाहावा तसं.
'किती पायली जायत?'

सुई काढली, कापूस दाबून धरला.
बोटांच्या पेरांवर चुन्याने खाल्लेले जुने खड्डे.
भट्टी विझून पंधरा वर्षं झाली, म्हणाले,
आता सगळ्यांना डब्यातला रंग लागतो.

'आज पाणी भरपूर प्या.
औषध निघून जायला हवं.'
'चुनकळयेर पाणी घातला तर उकळता,
ठावक आसा मां तुका?'

तरी माझी बाटली घेतली,
आणि तोंड न लावता, वरून,
उभ्याउभ्या पीत राहिले.