तीन किलो आठशे

पिंजऱ्यासकट आठ किलो, वर तोळाभरही नको,
असं विमानवाल्यांचं म्हणणं.
म्हणून दादांनी तिला वसमतच्या मोंढ्यात नेलं,
हळदीच्या काट्यावर ठेवलं.
तीन किलो आठशे.
हमाल जमले. एकानं विचारलं, "कच्ची का पॉलिशची?"
ती जांभई देत बसली
दोन वर्षांपूर्वी सापडली होती त्याच थप्पीपाशी.
तेव्हा डोळे मिटलेले, अंग हळकुंडासारखं पिवळं.

डॉक्टर बोखारेंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हशीच्या कानाला बिल्ला मारताना नाकी नऊ येतात, ताई,
अन् तुम्ही मांजरीला पासपोर्ट मागायल्या."
पण तांदळाएवढी चिप त्यांनीच मानेत बसवली,
नांदेडहून मागवून.
मग रक्त काढलं.
बोटभर नळी बर्फात बसून
आमच्या आधी परदेशी गेली.
त्यानंतर तीन महिने थांबायचं होतं.

त्या तीन महिन्यांत कळलं, ती आमची नव्हतीच.
भिंतीपलीकडून शाहेदाबी म्हणाल्या,
"हमारी शहजादी कू कां ले जारे?"
आम्ही हळदी म्हणायचो, त्या शहजादी,
इस्त्रीवाला मुंजाजी नुसतं "ओ मॅडम".
तिन्ही नावांना ती एकच कान हलवायची.
फॉर्मवर मालकाचा रकाना एकच.
मी माझं नाव लिहिलं.
पेन मध्येच अडलं, शाई संपत आली असेल.

आई म्हणाली, "हिच्या मायीला यांनी आसनेपार सोडलं होतं,
पोत्यात घालून, सायकलवर.
तिसऱ्या दिवशी थप्पीवर हजर.
मांजर वाट वासानं पाठ करतंय.
विमानाच्या वाटंला कशाचा वास?"
दादा काही बोलले नाहीत.
पिंजऱ्याच्या कडीला तेल लावत बसले,
सकाळी लावलं होतं तरी.

निघताना समोरच्या म्हातारीनं हटकलं,
"मांजर आडवं गेलं का गं?"
"नाही आजी, सोबत यायलंय."
हैदराबादच्या रस्त्यानं ती जीपभर ओरडली.
देगलूरच्या पुढं गप्प झाली.
मी पिंजऱ्यात बोट घातलं तर
तिनं ते चाटलंही नाही, चावलंही नाही.

इथं ब्रेमेनला ती हीटरवर पसरते.
डब्यातला मासा खाते. चार किलो सहाशे.
मी उशिराच्या पाळीहून येते, आडवी होते,
आणि रात्री दीडच्या आसपास
ती दारापाशी उभी राहून हाक मारते,
एकच, लांब.
आधी वाटलं, पोट दुखत असेल.
मग एकदा बोटांवर तास मोजले.
तिकडं पहाट. शाहेदाबी फजरला उठल्यात,
रात्रीच्या सालनातलं हाड बशीत टाकून
मागचं दार किलकिलं करायल्यात.

मी दार उघडते.
जिन्यातला दिवा आपोआप लागतो.
ती उंबऱ्यापर्यंत येते, हवा हुंगते,
खाली कुणाच्या तरी ओल्या सायकली.
दिवा आपोआप विझतो.
आम्ही दोघी थोडा वेळ तशाच.

शाहेदाबी अजून बशी ठेवतात म्हणे.
कुठलंसं काळं बोकं येऊन खाऊन जातं,
त्यालाही त्यांनी नाव दिलंय.
हे मी तिला सांगितलेलं नाही.